कोपराजवळचा मेदूवडा

कोस्टा रिकाच्या कॅरिबियन बाजूला सखल, दमट जंगल आहे. तिथे मी चार महिने वटवाघळं मोजली आणि येताना डाव्या कोपराजवळ लिशमानिया नावाचा परजीवी घेऊन पुण्याला परतले. तो घालवता घालवता शिकलेल्या या गोष्टी.

१. नावावर जाऊ नका. हा परजीवी सँडफ्लायच्या चाव्यातून अंगात येतो. सँडफ्लाय म्हणजे वाळूमाशी, म्हणून मी समुद्रकिनाऱ्यावर अंगभर कपडे घातले आणि जंगलात बाह्या दुमडल्या. माशीचा रंग वाळूसारखा, वाळूशी संबंध तेवढाच. तिच्या अळ्या ओल्या पालापाचोळ्यात, मोठ्या झाडांच्या फळ्यांसारख्या मुळांच्या खोबणीत, प्राण्यांच्या बिळांत वाढतात. साचलेलं पाणी तिला लागतच नाही, त्यामुळे डबकी बुजवण्याचं आपलं डासांसाठीचं शहाणपण इथे कामाचं नाही.

२. गुणगुण ऐकू येईल या भरवशावर राहू नका. ही दोन-तीन मिलिमीटरची, डासाच्या जेमतेम एक तृतीयांश, आणि उडताना आवाज करत नाही. तुळशीबागेतून मोठ्या विश्वासाने नेलेल्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती सहज आत येते. तिला अडवायला फार बारीक जाळी लागते, तीही कीटकनाशक लावलेली. तिची वेळ संध्याकाळ ते पहाट. वटवाघळांचीही तीच, म्हणजे माझीही.

एक उपाय मात्र साधा आहे. ही माशी उडण्यात अगदी दुबळी, वाऱ्यापुढे टिकत नाही. आम्ही राहायचो त्या संशोधन केंद्रातल्या स्वयंपाकीण बाई उशाशी टेबलफॅन लावून झोपायच्या. मला वाटायचं, उकाड्यासाठी.

३. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं समजू नका. हा माझा सगळ्यात महागातला धडा. परतल्यावर काही आठवड्यांनी कोपराजवळ पुटकुळी आली. ती फुटली, पसरली, आणि हळूहळू मेदूवड्यासारखी झाली: कड फुगीर, मधे खड्डा. दुखणं नाही, ताप नाही. आई हळद लावत होती, मी लावून घेत होते. त्या स्वयंपाकीण बाईंनी बघता क्षणी ‘पापालोमोयो’ म्हटलं असतं. तिकडे या व्रणाला हेच नाव आहे.

४. डॉक्टरांना प्रवास सांगा. मी ‘किडा चावला असेल’ एवढंच म्हणाले आणि अँटिबायोटिकचे तीन कोर्स वाया घालवले. दोष त्यांचा नाही. पुण्यात बसून हे कुणाला सुचणार? तिसऱ्या ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी जखम पाहिली आणि विचारलं, “बिकानेरकडे गेला होतात का?” राजस्थानात असा व्रण होतो, हे मला तेव्हा कळलं. मग मी जंगलाची गोष्ट सांगितली. त्यांनी मधल्या खड्ड्यातून नाही, कडेवरून खरवडून नमुना घेतला, कारण परजीवी तिथे सापडायची शक्यता जास्त. लिशमन आणि मद्रासमधले डोनोव्हन या दोघांनी १९०३ मध्ये जाहीर केलेल्या काळा आजाराच्या परजीवीचा हा चुलतभाऊ. कोणता चुलतभाऊ, हेही बघावं लागतं, कारण औषध त्यावर ठरतं. माझा निघाला पनामेन्सिस.

५. औषधाच्या गोळ्या भरल्या पोटी घ्या. मिल्टेफोसिन, अठ्ठावीस दिवस. मूळ कर्करोगासाठी शोधलेलं हे औषध २००२ मध्ये काळा आजारासाठी मंजूर झालं, ते भारतात. अमेरिका खंडातला रोग मी बिहारमधल्या रोगाच्या औषधाने बरा केला, याची मला गंमत वाटते. उलट्यांची वाटली नाही. बायकांनी हे औषध चालू असताना आणि नंतरही काही महिने दिवस राहू द्यायचे नसतात, ते आधीच विचारून घ्यावं.

६. स्लॉथवर रागावू नका. झाडाला उलटा लटकणारा, दोन बोटांचा हा संथ प्राणी पनामेन्सिसला वर्षानुवर्षं अंगात बाळगतो. माशी त्याच्याकडून परजीवी घेते आणि मधे आपण कडमडतो. बिहारमधला काळा आजार माणसाकडून माणसाकडे जातो, आणि तिथली माशी घरात, गोठ्यात राहते. म्हणून भिंती फवारता येतात, रुग्ण शोधून बरे करता येतात, रोग हटवण्याची भाषा करता येते. जंगल कोण फवारणार? आणि फवारलंच, तर मी मोजणार काय?

७. नाकाकडे लक्ष ठेवा. या जातीचे काही परजीवी कातडी बरी झाल्यावर, कधी कित्येक वर्षांनी, नाकाच्या आतल्या पडद्यात डोकं वर काढतात. नाक सतत चोंदणं, रक्त येणं ही लक्षणं. त्यामुळे दरवर्षी एकदा डॉक्टर माझ्या नाकात बॅटरी मारून बघतात.

फेब्रुवारीत परत निघालेय. बॅग भरताना आईला टेबलफॅन दिसला. “अगं, जंगलात पंखा कशाला?”