एक पेनड्राइव्ह, अनेक संगणक

प्रश्न : आमच्या वाचनालयात जुने-नवे मिळून तीन संगणक आहेत. नव्यावर तयार केलेला रिकव्हरी ड्राइव्ह जुन्यावर चालत नाही. तिन्हींसाठी एकच करता येईल का?
— एक वाचक, खारेपाटण

उत्तर : अवश्य करता येईल. विंडोजच्या सोयीने बनणारा रिकव्हरी ड्राइव्ह त्याच संगणकाच्या प्रणालीवरून घडतो, आणि ज्या जुन्या यंत्रात आरंभाचा कारभार बायॉसकडे असतो, त्यास नव्या यंत्रांतील यूईएफआयसाठी रचलेली मांडणी उमगत नाही, हे आपल्या अडचणीचे मूळ असावे. यास्तव किमान १६ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा, तो पूर्णतः पुसला जाणार असल्याने त्यातील दस्तऐवजांची आधी अन्यत्र तजवीज करावी, आणि त्यावर व्हेंटॉय हा निःशुल्क प्रोग्राम बसवावा. मग विंडोज व लिनक्सच्या आयएसओ फाइली, म्हणजे एकाच फाइलीत बांधलेल्या प्रणाली, त्यात नुसत्या कॉपी केल्या, की बायॉस आणि यूईएफआय या दोहोंतही त्यांची यादी पडद्यावर येते. जुना प्रोसेसर ३२-बिट असल्यास त्याच्याजोगी लिनक्सची फाइल निराळी ठेवावी.

संगणक सुरू होताच डेल व लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारे सिक्युअर बूट चालू असेल, तर व्हेंटॉय प्रथम किल्लीची नोंद मागतो, ती करावी. डिस्क कुलूपबंद करणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून दप्तरी ठेवावी, कारण तिच्यावाचून आतील फाइली उघडणार नाहीत.

शुक नदीचे पाणी बाजारपेठेत शिरते त्या आपल्या गावी हा बंदोबस्त पावसाळ्यापूर्वीच करून तिन्ही संगणकांवर त्याची खातरजमा करावी, आणि ग्रंथनोंदींची प्रत निराळ्या हार्डडिस्कवर उंच जागी ठेवावी. रिकव्हरी ड्राइव्ह यंत्र सावरतो, नोंदी राखत नाही.