गाडी दुरुस्तीचं एस्टिमेट : शेकडेवारीचा एक जिवंत पाठ



सहावीच्या मुलांना "२०,००० चे १८ टक्के काढा" असं सांगितलं तर बहुतेकजण पटकन ३,६०० लिहून मोकळे होतात. पण "हे १८ टक्के कशावर लावले, आणि का लावले?" असं विचारलं की वर्ग शांत होतो. शेकडेवारीत खरी अडचण गुणाकाराची नसते, ती 'कशाचे टक्के' या प्रश्नाची असते. आणि याच प्रश्नावर मोठी माणसंसुद्धा गॅरेजच्या काउंटरवर अडखळतात. म्हणून हा पाठ मुलांसाठी आहेच, आपल्यासाठीही आहे.

पाठाची सामग्री कुठून आली?

आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील शाळेची व्हॅन चालवतात. ब्रेक दाबला की चाकातून किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला, म्हणून त्यांनी गाडी शोरूमच्या वर्कशॉपला नेली. हातात आलं २३,६०० रुपयांचं एस्टिमेट. गाडी उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडते, आणि ब्रेक तसेच ठेवले तर गाडीत लेकरं बसलेली असतात. एवढे पैसे भरावेत की कसं, हे त्यांना कळेना. त्यांच्या परवानगीने तो कागद (नाव, नंबर झाकून आणि आकडे थोडे सोपे करून) मी फळ्यावर लिहिला :

१. पुढचे ब्रेक पॅड, १ संच – २,४००
२. पुढच्या ब्रेक डिस्क, २ नग – ५,२००
३. ब्रेक ऑइल – ५००
४. ब्रेकच्या कामाची मजुरी – १,७००
५. एसी फिल्टर – ६००
६. व्हील अलाइनमेंट, बॅलन्सिंग – १,३००
७. इंजिन डिकार्बनायझेशन – २,५००
८. आतली साफसफाई – १,८००
९. अँटी-रस्ट कोटिंग – ३,५००
१०. कन्झ्युमेबल्स – ५००
एकूण २०,०००. जीएसटी १८ टक्के ३,६००. देय २३,६००.

कृती १ : तक्रार आणि यादी जुळवा

मुलांना एकच प्रश्न विचारा. गाडी कशासाठी नेली होती? ब्रेकच्या आवाजासाठी. मग यादीतल्या कोणत्या ओळी ब्रेकच्या आहेत? पहिल्या चार. एक मुलगा लगेच म्हणाला, "मॅडम, दुखतोय दात आणि चष्मापण करून देतायत!" वर्ग हसला, पण मुद्दा सगळ्यांना समजला.

आता वहीत तीन रकाने आखायला लावा : 'आजच', 'पुढे बघू', 'विचारून ठरवू'. साफसफाई आणि कोटिंग 'पुढे बघू'त गेले. अलाइनमेंटबद्दल गाडी एका बाजूला ओढते का, हे आधी विचारायचं. 'कन्झ्युमेबल्स' म्हणजे नेमकं काय वापरणार, हेही विचारायचं. डिस्कची ओळ मात्र मुद्दाम रिकामी ठेवा.

कृती २ : मोजमाप आणि विज्ञान

नवा ब्रेक पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. तो झिजून ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायचा. बऱ्याच पॅडना एक छोटी पत्र्याची पट्टी असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासते आणि आवाज येतो. म्हणजे तो आवाज हा इशारा असतो. मुलांना पट्टीवर ३ मिलिमीटर दाखवा, डोळे मोठे होतात.

डिस्कचंही तसंच. कमीत कमी जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. त्या वडिलांनी "मोजून दाखवा" म्हटल्यावर चाक उघडून मोजलं गेलं. मर्यादा १९ मिमी, प्रत्यक्षात २०.४ मिमी. डिस्कवर खोल चरे नव्हते, ती वाकडीही नव्हती. म्हणजे डिस्क आत्ता बदलायची गरज नव्हती.

ब्रेक ऑइल मात्र टाळायचं नाही. ते हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की ते तापतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागतं. म्हणून बहुतेक गाड्यांत साधारण दोन वर्षांनी ते बदलतात.

कृती ३ : पुन्हा हिशोब

आजची कामं : २,४०० + ५०० + १,७०० = ४,६००
जीएसटी १८ टक्के : ८२८
देय : ५,४२८

मूळ रकमेच्या हे किती टक्के? मुलं काढतात : २३ टक्के. वाचले १८,१७२ रुपये. व्हॅन दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आली.

इथे थांबू नका, उलट उदाहरणही द्या. डिस्क १८ मिमी निघाली असती तर? ९,८०० अधिक १,७६४, म्हणजे ११,५६४ रुपये, आणि ते द्यावेच लागले असते. पैसे वाचवणं हे उत्तर नव्हे; मोजून ठरवणं हे उत्तर. हे नीट सांगितलं नाही तर मुलं "शोरूमवाले लुटतात" एवढंच घेऊन घरी जातील.

कृती ४ : करावर कर

पाकिटबंद सुट्या भागावर छापलेल्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. समजा पॅडची एमआरपी २,८३२ आहे. यादीत हाच आकडा लिहून खाली पुन्हा १८ टक्के लावले तर होतात ३,३४१.७६, म्हणजे ५०९.७६ रुपये जास्त.

मूळ किंमत काढताना मुलं हमखास २,८३२ मधून १८ टक्के वजा करतात आणि २,३२२.२४ आणतात. ते चूक. १८ टक्के मूळ किमतीवर लागले आहेत, म्हणून २,८३२ ला १.१८ ने भागायचं : २,४००. माझ्या अनुभवात या एका उदाहरणाने 'कशाचे टक्के' हा प्रश्न कायमचा डोक्यात बसतो.

घरातलं जुनं बिल आणायला सांगितलंत तर सुट्या भागांवर २८ टक्केही दिसतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर १८ टक्के झाला. दोन बिलांची तुलना हा छान गृहपाठ होतो.

पालकांसाठी थोडं

एस्टिमेट म्हणजे बिल नव्हे, तो अंदाज आहे. सही करण्याआधी प्रत्येक ओळीला "का?" विचारा. "यादीबाहेरचं काम फोन केल्याशिवाय करू नका" असं जॉब कार्डवर लिहून घ्या. बदललेले जुने भाग परत मागा. दुसऱ्या गॅरेजचा दर विचारा, पण गाडी वॉरंटीत असेल तर आधी वॉरंटीची पुस्तिका वाचा. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना खुली नाही, या मुद्द्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे वरच्या न्यायालयांत गेलं. म्हणजे हा प्रश्न काही एकट्यादुकट्याचा नाही.

पक्कं बिल घ्याच. ते न देणं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ग्राहक दिनाला हा पाठ घेतलात तर वेगळा कार्यक्रम शोधायला नको.

गृहपाठ

घरातलं कोणतंही बिल घ्या : गाडीचं, मिक्सर दुरुस्तीचं किंवा किराण्याचं. त्यातल्या एका ओळीबद्दल घरच्यांना "हे का?" असं विचारा आणि उत्तर वहीत लिहून आणा.

पालकहो, मुलांनी विचारलं तर रागावू नका. आज घरात विचारायची सवय लागली, तर उद्या काउंटरवर विचारताना त्यांना संकोच वाटणार नाही.