टू-डी इको नॉर्मल असतानाही

हृदयाच्या लयीचे विकार मुळात विद्युत-संवेगांच्या उगमातील वा वहनातील बिघाडातून उद्भवतात. श्राव्यातीत ध्वनिलहरींनी केलेले चित्रण, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘टू-डी इको’, मात्र त्या संवेगांमुळे हृदयाचे स्नायू आणि झडपा कशा हलतात तेवढेच दाखवतो. कारण आणि परिणाम यांतील हे अंतर ध्यानात न घेतल्यामुळे या निरुपद्रवी, वेदनारहित तपासणीकडून कधी अवास्तव अपेक्षा केली जाते, तर कधी तिचा पुरेसा उपयोगच करून घेतला जात नाही.

धडधडीच्या रुग्णांबाबत वारंवार येणारा अनुभव असा, की आकुंचनक्षमता 60 टक्के आणि झडपा निर्दोष असे अहवालात वाचले की रुग्ण व नातेवाईक निर्धास्त होतात, फाइल कपाटात जाते आणि धडधडीला ‘टेन्शन’ हे नाव मिळते. वस्तुतः मधूनच उसळणारी अनियमितता तपासणीच्या त्या थोड्या मिनिटांत अवतरली नाही, तर ती पडद्यावर दिसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हृदयाची घडण ठीक आहे, इतकाच अशा अहवालाचा अर्थ. लय पकडायची तर धडधड चालू असतानाच काढलेला ईसीजी, किंवा 24 तास वा त्याहून अधिक काळ अंगावर बाळगायचे होल्टर यंत्र, यांनाच शरण जावे लागते. त्यामुळे त्रास सुरू होताच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्यावा आणि त्याची झेरॉक्सही जपावी, कारण त्या उष्णतासंवेदी कागदावरील रेषा कालांतराने पुसट होतात. धडधडीबरोबर शुद्ध हरपली किंवा छातीत दुखू लागले, तर मात्र थेट मोठे रुग्णालय गाठावे.

याचा अर्थ इको अनावश्यक, असा नव्हे. रुग्णाला डाव्या कुशीवर निजवून, छातीवर जेल लावून तपासणी चालू असताना पडद्याच्या तळाशी ईसीजीची एक बारीक रेषा सतत धावत असते. तिच्याकडे दुर्लक्ष केले की निम्मी माहिती वाया जाते. अलिंदे (हृदयाचे वरचे कप्पे) नियमित आकुंचन न पावता नुसती थरथरतात त्या ‘एट्रिअल फिब्रिलेशन’ या विकारात मायट्रल झडपेतून वाहणाऱ्या रक्ताच्या डॉप्लर आलेखातील दुसरे शिखर नाहीसे होते, कारण ते शिखर अलिंदाच्या आकुंचनानेच निर्माण होत असते. अशा वेळी प्रत्येक ठोक्यागणिक आकुंचनक्षमता बदलत असल्यामुळे एकाच ठोक्यावरून काढलेला आकडा फसवा ठरतो. किमान पाच ठोक्यांची सरासरी घ्यावी लागते, आणि तपासणीच्या वेळी लय व गती काय होती याची नोंद अहवालात आहे की नाही हे रुग्णानेही पाहावे. दीर्घकाळ चाललेल्या वेगवान लयीनेच हृदय दुबळे होते व लय आटोक्यात आल्यावर पुष्कळदा सावरते, त्यामुळे एका अहवालावर हाय खाण्याचेही कारण नाही.

भारतात आजही आढळणाऱ्या, संधिवाताच्या तापानंतर आखडलेल्या मायट्रल झडपेमागे डावे अलिंद फुगते आणि त्याच्या कोपऱ्यातील पिशवीत रक्ताची गुठळी धरते, जी छातीवरून केलेल्या इकोत बहुधा दिसतच नाही. म्हणून 48 तासांहून अधिक काळ टिकलेली अनियमित लय विजेच्या झटक्याने पूर्ववत करण्याआधी किमान तीन आठवडे रक्त पातळ ठेवणारे औषध दिले जाते, किंवा अन्ननलिकेतून नळी उतरवून जवळून चित्रण केले जाते. साध्या इकोत गुठळी नाही, एवढ्यावरून ते औषध परस्पर थांबवणे हे पक्षाघाताला दिलेले आवतण असते.

स्नायूंच्या हालचालीवरून विद्युत-संवेगाचा मार्गच रेखाटण्याचा प्रयत्न न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झाला असून, सेकंदाला हजारोंच्या घरात चित्रे टिपणाऱ्या या पद्धतीचे 55 रुग्णांवरील निष्कर्ष 2019मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत विकाराचे उगमस्थान ईसीजीपेक्षा अधिक अचूक सांगता आले. तथापि नेहमीच्या इको केंद्रांत ही सोय नाही.

याउलट गर्भाच्या बाबतीत ध्वनिचित्रण हाच निदानाचा मुख्य आधार आहे, कारण मातेच्या पोटावरून गर्भाचा स्वच्छ ईसीजी मिळणे दुरापास्त असते. येथे कामी येते ती या शास्त्रातील सर्वांत जुनी रीत: 1953मध्ये स्वीडनमधील लुंड येथे हृदयरोगतज्ज्ञ एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्‌झ यांनी, धातूतील दोष शोधण्यासाठी जहाजबांधणी कारखान्यात वापरले जाणारे यंत्र उसने आणून, हृदयभित्तीची हालचाल काळाच्या आलेखावर उतरवली होती. त्याच धर्तीच्या ‘एम-मोड’मध्ये ध्वनीची एक रेषा गर्भाचे अलिंद व निलय (खालचा कप्पा) या दोहोंतून नेली, की वरच्या ठोक्यामागोमाग खालचा ठोका पडतो की नाही ते उलगडते. मिनिटाला 110 ते 160 ही सामान्य गती असते. मधूनच चुकणारा एखादा ठोका बहुधा निरुपद्रवी असतो, परंतु 200 च्या पलीकडे सतत धावणारे हृदय निकामी होऊ शकते, आणि मग मातेला दिलेले औषध वारेतून गर्भापर्यंत पोचवून उपचार करावे लागतात. गर्भलिंगनिदानबंदी कायद्यानुसार गर्भाच्या सोनोग्राफीसाठी लागणारा फॉर्म एफ भरण्याचा कंटाळा किंवा धास्ती म्हणून ही तपासणी पुढे ढकलू नये. गती 50 ते 70 वर उतरली असेल तर मातेच्या रक्तातील अँटी-रो प्रतिपिंडे तपासावीत, कारण ल्युपससारख्या व्याधीची बाह्य लक्षणे नसलेल्या मातांमध्येही ती आढळतात व गर्भातील वहनमार्ग कायमचा बंद पाडू शकतात. अशी प्रसूती नवजात बालकाला पेसमेकर बसवण्याची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावी, हे काही आठवडे आधी ठरवून ठेवावे लागते.