नावाची राखण

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील ही गोष्ट आहे. मी मुंबईहून लोकल गाडीने वसईस परत येत होतो. वसई रोड स्थानक आले तेव्हा बाहेर मुसळधार पाऊस कोसळत होता. छत्री सावरण्याच्या गडबडीत माझी कातडी पिशवी सामानाच्या फळीवरच राहिली आणि गाडी नालासोपाऱ्याकडे निघून गेली. स्थानकात चौकशी केली, विरारलाही निरोप धाडला. परंतु पिशवी काही मिळाली नाही.

पिशवीत पैसे थोडेच होते. मात्र माझे आधार कार्ड, पॅन कार्ड आणि बँकेचे पासबुक तिच्यातच होते. घरी आल्यावर मी म्हणालो, “कागदच ते! पाऊस ओसरला की पुढच्या आठवड्यात नवे काढू.”

माझी नात सातवीत शिकते. ती चटकन म्हणाली, “आजोबा, पानिपतच्या तोतयाची गोष्ट तुम्हीच आम्हांला सांगता ना? मग तुमचे नाव घेऊन एखादा तोतया उभा राहिला तर?”

बालमित्रांनो, हा तोतया कोण, हे तुम्हांला सांगितले पाहिजे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर सदाशिवरावभाऊ पेशवे धारातीर्थी पडले. तथापि त्यांच्या मृत्यूविषयी लोकांच्या मनातील शंका फिटली नाही. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनाही आपले पती जिवंत आहेत अशी आशा वाटत राहिली. या शंकेचा फायदा घेऊन सुखनिधान नावाचा बुंदेलखंडातील एक कनोजी ब्राह्मण “मीच भाऊसाहेब” असे सांगू लागला. चौकशीअंती तो तोतया ठरला व शेवटी रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत पडला. पण १७७६ साली तो कैदेतून सुटला. हजारो माणसे त्याच्या झेंड्याखाली जमली आणि कोकणातील अनेक किल्ले त्याच्या हाती गेले! पुढे पेशव्यांच्या फौजेने त्याचा पराभव केला, पळून जात असता राघोजी आंग्रे यांनी त्यास पकडले आणि त्याच वर्षी त्याला देहान्ताची शिक्षा झाली. एका माणसाने दुसऱ्याचे नाव चोरले, आणि त्यापायी किती जणांना लढावे व मरावे लागले!

नातीच्या प्रश्नाने मी सावध झालो. आजच्या तोतयाला ना फौज लागते, ना किल्ला. दुसऱ्याची कागदपत्रे हाती आली की त्या नावावर तो सिमकार्ड घेऊ पाहतो, कर्ज काढू पाहतो. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. हरवलेले आधार किंवा पॅन कार्ड पुन्हा छापून मिळते. परंतु त्यावरील क्रमांक जुनाच असतो. म्हणजे कागद नवा झाला, तरी जुन्या कागदाचे भय संपत नाही.

म्हणून त्याच संध्याकाळी, भर पावसात, आम्ही दोघे बाहेर पडलो. पिशवी गाडीत राहिली होती, म्हणून प्रथम रेल्वे पोलिसांकडे जाऊन कोणकोणती कागदपत्रे हरवली याची नोंद केली आणि तारीख घातलेली पोच घेतली. बँकेला कळवून खात्यावर लक्ष ठेवण्यास सांगितले. आधारविषयी मदतीसाठी १९४७ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तेथे माहिती विचारून मी माझ्या बोटांच्या ठशांना आधारच्या व्यवस्थेत कुलूप लावले. हे कुलूप असेपर्यंत त्या ठशांनी कोणासही ओळख पटवता येत नाही. सरकारच्या ‘संचार साथी’ या सेवेवर आपल्या नावे किती मोबाइल क्रमांक चालू आहेत, हे पाहता येते. नातीने तेही पाहून दिले.

दीड महिना लोटला. एके दिवशी कर्ज देणाऱ्या एका संस्थेचे पत्र आले : “आपला हप्ता थकला आहे.” मी तर आयुष्यात तिच्याकडून एक पैसाही घेतला नव्हता! पत्र वाचून माझे हात थरथरू लागले. कर्जाची तारीख पाहिली, तर ती पिशवी हरवल्यानंतरच्या चौथ्या दिवसाची होती. पोलिसांची पोच मात्र पहिल्याच दिवसाची होती. त्या पोचेची प्रत जोडून मी संस्थेस लेखी उत्तर पाठविले व पोलिसांत फसवणुकीची तक्रार केली. प्रत्येकाच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या वर्षातून एकदा आपला अहवाल विनामूल्य देतात. तो मागवून त्यातील खोटी नोंदही दुरुस्त करविली. या साऱ्यास बरेच दिवस लागले, परंतु माझे नाव निष्कलंक राहिले. मी आठवडाभर थांबलो असतो, तर माझ्या बाजूने बोलणारी ती तारीख कोठून आली असती?

दुसऱ्याची ओळख कपटाने वापरणे हा गुन्हा आहे. संगणक वा मोबाइलच्या साहाय्याने तो केल्यास २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा रीतीने कोणी पैसे लुबाडलेच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. पण चोराला शिक्षा होईपर्यंत आपण स्वस्थ बसणे बरे नव्हे. मूळ कागदपत्रे विनाकारण जवळ बाळगू नयेत. कोणास झेरॉक्स प्रत द्यावी लागली, तर ती कशासाठी दिली हे तारखेसह तिच्यावर लिहावे. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणासही सांगू नये.

शंकेला जागा उरली, म्हणून पानिपतचा तोतया उभा राहू शकला. वेळेवर केलेली एक लेखी नोंद ती जागाच बुजवून टाकते. आईवडिलांनी दिलेले नाव ही आपली पहिली ठेव होय. तिची राखण आपणच केली पाहिजे.

अभ्यास

१. नातीच्या कोणत्या प्रश्नाने लेखक सावध झाले?
२. सुखनिधानावर लोकांनी विश्वास का ठेवला असावा?
३. ‘कागद नवा झाला, तरी जुन्या कागदाचे भय संपत नाही’ असे लेखक का म्हणतात?
४. पोलिसांच्या पोचेवरील तारीख लेखकाच्या उपयोगी कशी पडली?
५. वाक्यांत उपयोग करा : धारातीर्थी पडणे, शंका फिटणे, सावध होणे.
६. घरातील महत्त्वाची कागदपत्रे कोठे व कशी ठेवली आहेत, हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा; त्यांत कोणताही क्रमांक लिहू नका.