अंब्रेला कंपनीत शिरण्यापूर्वी

हॅरो, लंडन

चि. अनिकेत,


मँचेस्टरचं सहा महिन्यांचं सॉफ्टवेअर काँट्रॅक्ट मिळाल्याचं ताईने फोनवर सांगितलं. अभिनंदन! ‘विम्याचं सगळं अंब्रेला कंपनी बघते’, असं तू तिला म्हणालास म्हणे. ते अर्धंच खरं आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

कागदोपत्री तू त्या कंपनीचा नोकर. काम मिळवून देणारी एजन्सी पैसे तिला देणार आणि ती कर, नॅशनल इन्शुरन्स कापून तुला पगार देणार. (पगारपत्रकावर ‘नॅशनल इन्शुरन्स’ दिसलं म्हणून विमा झाला असं समजू नकोस, ती सरकारी कपात आहे.) नोकर ठेवला की १९६९ च्या कायद्याने इथल्या मालकाला एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा काढावाच लागतो, किमान ५० लाख पौंडांचा. नसेल तर दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत दंड. पण हा विमा कामावर तुला इजा झाली तर. तुझ्या कोडमुळे क्लायंटचं नुकसान झालं, तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

त्यासाठी लागते प्रोफेशनल इंडेम्निटी. तुझ्या कामाला ती कायद्याने सक्तीची नाही. क्लायंटच्या करारात मात्र ती बहुधा मागितलेली असते. बहुतेक अंब्रेला कंपन्यांची सगळ्यांसाठी मिळून एक पॉलिसी असते. तिचं सर्टिफिकेट मागून घे. तुझ्या प्रकारचं काम त्यात बसतं का, रक्कम क्लायंटने मागितली तेवढी आहे का आणि एक्सेस, म्हणजे दाव्यातला विमा कंपनी न देणारा पहिला हिस्सा, कोणाच्या खिशातून जाणार, हे बघ.

मग नोकरीच्या करारात ‘तुझ्या चुकीमुळे आमचं झालेलं नुकसान तू भरून देशील’ अशा अर्थाचं कलम शोध. असा दावा प्रत्यक्षात झालेला आहे. १९४९ मध्ये रॉमफर्डच्या एका बर्फ कंपनीच्या ड्रायव्हरने लॉरी मागे घेताना त्याच कंपनीत काम करणाऱ्या आपल्या वडिलांनाच धडक दिली. भरपाई विमा कंपनीने दिली आणि नंतर मालकाच्या नावाने त्या मुलावरच दावा लावला. हाउस ऑफ लॉर्ड्सने तो मान्य केला! पुढे विमा कंपन्यांनी असे दावे सहसा लावायचे नाहीत असं आपसात ठरवलं, पण तो समजुतीचा मामला आहे, कायदा नव्हे.

सगळ्यात फसवी गोष्ट पुढेच आहे. इंडेम्निटीत चूक झाली तेव्हा पॉलिसी होती, एवढं पुरत नाही. दावा येतो त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते. इंग्लंडात करारभंगाचा दावा साधारण सहा वर्षांपर्यंत लावता येतो. तू सहा महिन्यांत बाहेर पडणार. कंपनीने उद्या पॉलिसी बदलली किंवा दुकानच बंद केलं तर? ‘मी सोडल्यानंतरही माझ्या जुन्या कामाला संरक्षण राहील का?’ हे ईमेलवर विचार. तोंडी उत्तरावर विसंबू नकोस. गोलमाल उत्तर आलं तर स्वतःची पॉलिसी काढ. तिथे काटकसर नको.

क्लायंटच्या कामासाठी गाडी फिरवणार असशील तर मोटार विमावाल्यांना आधी कळव. आजारपणात मिळणारा सरकारी भत्ता घरभाड्यालाही पुरायचा नाही, तेव्हा उत्पन्न संरक्षणाचा विमा तुझा तूच बघ.

करार आणि सर्टिफिकेट, दोन्ही सही करण्याआधी मला पाठव. शनिवारी सकाळी मी घरीच असतो.

तुझा,
मामा