पुरत नाही, असं कुणी म्हणालं तर

पोरी, तुला सातवा संपत आला. आताच बोलून ठेवते, कारण बाळंतिणीच्या खोलीत सांगणाऱ्या तोंडांची गर्दी होते आणि ऐकणारीला झोप अनावर झालेली असते.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, मला तू किती महिने अंगावर पाजलंस?" मी विषय बदलला. खरं उत्तर अकरा दिवस असं आहे. तुझ्या भावाला मात्र पावणेदोन वर्षं पाजलं. अंग तेच होतं, खाणंपिणंही तेच. मधल्या चार वर्षांत मी काय शिकले, ते तुला सांगायचं राहून गेलंय.

तू १९९२ सालची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तू सारखी रडत होतीस. भेटायला आलेल्या एकीने माझ्या छातीकडे बघून म्हटलं, "हिला दूध पुरत नाही." बाकीच्यांनी माना हलवल्या. तासाभरात पावडरचा डबा आला. त्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं. त्याच वर्षाच्या शेवटी अशा डब्यांवर बाळाचं चित्र छापायला आणि त्यांची जाहिरात करायला बंदी घालणारा कायदा झाला, पण आमच्या घरात डबा त्याआधीच पोचला होता. तू बाटली पिऊन चार तास गाढ झोपलीस. सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही.

पान्हा साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या मध्ये भरून येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सिझेरियन झालं तर कधी एखादा दिवस उशीर होतो. म्हणजे तू रडत होतीस ती नेमकी दूध उतरायच्या तोंडाशी. बाळ जितकं ओढतं तितकं दूध तयार होतं. तू बाटलीवर झोपलीस, इकडे दूध दाटून छाती दगडासारखी झाली, ताप आला, मग "दुखतंय तर राहू दे" म्हणून आणखी दोन बाटल्या वाढल्या. दूध काढलंच नाही तर शरीर समजतं की आता गरज नाही. अकराव्या दिवशी सगळं आटलं. तू बाटलीवरही छान बाळसं धरलंस, आणि मी काही तुला कमी माया केली नाही. पण पाजायचं नाही असं मी कधी ठरवलंच नव्हतं. ते दुसऱ्या कुणीतरी ठरवून टाकलं, याची रुखरुख मला आजही आहे.

म्हणून पहिली गोष्ट: काय करायचं ते आधी तू ठरव आणि जावईबापूंना शेजारी बसवून सांग. हॉस्पिटलमध्ये नाव घालतानाच डॉक्टरांना आणि सिस्टरांना सांगून ठेवायचं, की जन्मल्यावर पहिल्या तासातच बाळ छातीशी हवं आणि वैद्यकीय गरज असल्याशिवाय वरचं दूध द्यायचं नाही. सिझेरियन झालं तरी तू बोलण्याच्या अवस्थेत आलीस की बाळ मागून घे. तेव्हा तू थकलेली असशील, म्हणून दाराशी उभं राहून बोलणारं माणूस आधीच नेमून ठेव. ते काम जावईबापूंचं.

पहिले दोन-तीन दिवस जे घट्ट, पिवळसर दूध येतं ते चमचाभरच असतं. आमच्या आजीच्या काळी ते पिळून टाकून देत. गाय व्याली की तिच्या चिकाच्या खरवसासाठी गल्लीभर वाटण्या व्हायच्या, आणि बाईचा चीक मात्र मोरीत. रोगांशी लढण्याची ताकद त्यातच सगळ्यात जास्त असते. चमचाभर म्हणून घाबरू नकोस. पहिल्या दिवशी बाळाचं पोट पिकल्या बोराएवढं असतं, एका वेळी पाच-सात मिलिलिटर त्याला पुष्कळ होतं. आणि पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतंच. दहा ते चौदा दिवसांत ते भरून निघायला हवं. कुणी वजनाचा कागद दाखवून घाबरवायला लागलं तर हे आठव.

आता तोंड लावण्याची रीत. तुझ्या भावाच्या वेळी, १९९६ मध्ये, शेजारी एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. त्या रोज दोनदा यायच्या आणि एकच गोष्ट बघायच्या. मी स्तनाग्र बाळाच्या तोंडात कोंबायची, त्या माझा हात धरायच्या. "बाळाला छातीकडे आण, छाती बाळाकडे नेऊ नकोस." पाठीला उशी लावून बस, खांदे सैल सोड. बाळाचं पोट तुझ्या पोटाला चिकटलेलं हवं, मान वळलेली नको. स्तनाग्र त्याच्या वरच्या ओठावर टेकव आणि थांब. जांभई दिल्यासारखा मोठा आ झाला की पटकन जवळ घे. नुसतं टोक तोंडात गेलं तर चिरा पडतात. भोवतीच्या काळ्या भागातला बराचसा, त्यातही खालच्या बाजूचा जास्त, आत जायला हवा. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि गिळल्याचा बारीक आवाज. सुरुवातीला क्षणभर ओढ जाणवते, पण पाजताना सतत दुखत असेल तर तोंड नीट लागलेलं नाही. ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडव आणि पुन्हा लाव. दहा वेळा लावावं लागलं तरी लाव. टाके असतील तर बाळाला काखेखालून, पाय तुझ्या पाठीकडे करून धर, पोटावर भार येत नाही. चिरा पडल्याच तर पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचा थेंब चोळून वाऱ्यावर सुकू द्यायचा.

घड्याळ बघू नकोस. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं ही साधारण गोष्ट आहे. रडायची वाट बघायची नाही, मुठी चोखायला लागलं, मान वळवून शोधायला लागलं की घ्यायचं. संध्याकाळी काही बाळं दोन-तीन तास सोडतच नाहीत. तेव्हाच घरात कुणीतरी म्हणतं, "पुरत नाही." दीड-दोन महिन्यांनी छाती मऊ वाटायला लागते, दूध गळायचं थांबतं, तेव्हाही म्हणतात. दोन्ही वेळा दूध असतंच. रडण्यावरून किंवा दूध पिळून बघून काहीच कळत नाही. लंगोट मोज. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त ओले लंगोट होत असतील आणि वजन वाढत असेल तर पुरतंय. मी तुझ्या भावाचे लंगोट दोरीवर वाळत घालताना मोजायची, आणि कुणी विचारलं की आकडा सांगायची. आकड्यापुढे कुणी वाद घालत नाही. मात्र लघवी कमी झाली, बाळ सुस्त पडलं, प्यायला उठेनासं झालं, तर घरात चर्चा करत बसायचं नाही, लगेच डॉक्टर.

अळिवाचे लाडू मी करणार आहे, डिंकाचेही, आणि जेवणानंतर बाळंतशोपा. अळिवात लोह भरपूर आहे, ताकद भरून येते, पण दूध वाढवतं ते बाळाचं ओढणं. पाजणाऱ्या बाईला रोज पाचशे-सहाशे कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक जेवण जास्त, तुपाचे डोंगर नकोत. पाणी मात्र दर वेळी पाजायला बसताना शेजारी हवं. बाळाला सहा महिने पाणीसुद्धा नको, आपल्या उन्हाळ्यातही नको. मध चाटवायचा नाही, गुटी नाही. मधातून होणारा एक आजार वर्षाच्या आतल्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो. तुझ्या सासूबाईंना वाईट वाटेल, ते माझ्यावर सोड, मी विहीणबाईंशी बोलेन. ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर सांगतील तसे द्यायचे.

दूध दाटून गाठ आली, ती लाल झाली, थंडी वाजून ताप आला, तर डॉक्टरांकडे जा आणि त्या बाजूनेही पाजत राहा. मी तेव्हा थांबले होते, तिथेच चुकले. कुठलंही औषध घेताना पाजतेय हे सांग, पण स्वतःहून पाजणं बंद करू नकोस. आणि रडू आलं तर रड. दोन आठवड्यांनंतरही रोज रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते मला सांग, लपवू नकोस.

काही बायकांना खरोखरच दूध कमी येतं. थायरॉइड असतो, छातीची शस्त्रक्रिया झालेली असते, बाळ फार आधी जन्मलेलं असतं. अशा बाळांसाठी मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. आता इतरही शहरांत आहेत. वरचं द्यावंच लागलं तर वाटी-चमच्याने द्यायचं, म्हणजे बाळाला बाटलीची सवय लागून ते छातीला नाही म्हणत नाही. तुझ्या आजीचं चांदीचं बोंडलं माझ्या कपाटात आहे, उकळून घेतलं की चालतं.

नोकरीचं. मला पतपेढीतून तीन महिन्यांचीच रजा होती. सकाळी हाताने दूध काढून स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात ठेवायची, नर्सबाई ते वाटी-चमच्याने पाजायच्या. तुला आता कायद्याने सव्वीस आठवडे मिळतात. त्यातले आठ आधी घेता येतात, पण झेपत असेल तर कमी घे, नंतर उपयोगी पडतील. कामावर गेल्यावरही बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी हा तुझा हक्क आहे, मागायला लाजू नकोस. काढलेलं दूध सावलीत चार तास टिकतं, पण एप्रिल-मेमध्ये तेवढाही भरवसा नको, सरळ फ्रिजमध्ये. दाराच्या कप्प्यात नाही, आत मागच्या बाजूला, चार दिवसांपर्यंत. गरम पाण्यात भांडं ठेवून कोमट करायचं, मायक्रोवेव्हमध्ये नाही. प्रवासात एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो. कुलूप दिसलं तर नियंत्रकाकडून उघडून घे.

नवव्यात येशील तेव्हा बाळाचं काही आणू नकोस, दुपटी आणि टोपडी मी शिवून ठेवली आहेत. पुढून उघडणारे दोन सुती गाऊन तेवढे आण, आणि तुझी ती जाड उशी.