नवागतांचे स्वागत : अंत्युखियाचा धडा

वाचन : प्रेषितांची कृत्ये ११:१९-३०, १३:१-३



चांगला धर्मग्राम कोणता, असे विचारले तर आपण सणाची गर्दी, देवळाची इमारत, गायनवृंद यांकडे बोट दाखवतो. अंत्युखियाच्या ख्रिस्तसभेची ओळख मात्र वेगळीच होती. शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव प्रथम मिळाले ते याच शहरात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील अंताक्या येथे. हे कसे घडले?

स्तेफनाच्या मृत्यूनंतर छळामुळे पांगलेले काही श्रद्धावंत तेथे पोहोचले. त्यांच्यातील काहींनी यहुदी नसलेल्या ग्रीकांनाही सुवार्ता सांगितली आणि पुष्कळ लोक प्रभूकडे वळले. ही बातमी ऐकून यरुशलेमच्या ख्रिस्तसभेने बर्णबाला तिकडे पाठवले. त्याने तीन गोष्टी केल्या.

पहिली, तो आनंदित झाला. नव्या लोकांचे परकेपण पाहण्याऐवजी त्याने त्यांच्यातील देवाची कृपा पाहिली.

दुसरी, तो तार्स येथे जाऊन शौलाला शोधून घेऊन आला. पूर्वी यरुशलेमात सारे शिष्य शौलाला भीत होते, तेव्हाही त्याला प्रेषितांकडे नेणारा हाच बर्णबा होता.

तिसरी, दोघांनी पूर्ण एक वर्ष तेथे राहून लोकांना शिकवण दिली. स्वागत एका दिवसात होते. शिष्य घडायला वेळ द्यावा लागतो.

आपली ख्रिस्तसभा हे जाणते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली प्रौढांसाठी टप्प्याटप्प्याने दीक्षा देण्याची प्राचीन पद्धत पुन्हा सुरू करण्यास सांगितले आणि १९७२ साली तिचा विधी प्रसिद्ध झाला. त्यात पास्काच्या रात्री स्नानसंस्कार झाला की काम संपत नाही. पुढे पेंटेकॉस्टपर्यंतचा काळ नवदीक्षितांच्या सोबतीसाठीच राखलेला आहे. आणि ही जबाबदारी केवळ धर्मगुरूंची नव्हे, तर साऱ्या धर्मग्रामाची आहे.

आता आपण स्वतःकडे पाहू. नव्या इमारतीत राहायला आलेले कुटुंब कित्येक महिने मागच्या बाकावर बसून मिस्सा ऐकते आणि निघून जाते. त्यांचे नाव आपल्याला ठाऊक नसते. आपण हसून मान डोलावतो आणि त्यालाच स्वागत समजतो. नवदीक्षितांना पेढे देतो, फोटो काढतो. पुढच्या वर्षी ते दिसेनासे झाले तर आपल्या लक्षातही येत नाही. हा दोष कोणा एकाचा नाही, आपणा सर्वांचा आहे.

अंत्युखियाच्या श्रद्धेला फळ आले. दुष्काळाची सूचना मिळताच तेथील शिष्यांनी ऐपतीप्रमाणे यहुदियातील बांधवांना मदत पाठवली. पुढे पवित्र आत्म्याच्या सांगण्यावरून त्यांनी आपले बर्णबा व शौल यांनाच सुवार्तेसाठी दूर पाठवले. काल आत आलेले आज दुसऱ्यांसाठी देणारे झाले. हीच शिष्य घडल्याची खूण. अशा ख्रिस्तसभेला वेगळ्या मानपत्राची गरज नसते.

लहान ख्रिस्ती समूहाच्या सभेत विचार करू या :

१. गेल्या वर्षभरात आपल्या आळीत कोण नवीन आले? त्यांची नावे आपल्याला सांगता येतील का?

२. त्यांच्यापैकी एका घरासाठी वर्षभर बर्णबा कोण होईल?

हे प्रभू, दाराशी आलेल्यांमध्ये तुझी कृपा पाहण्याची दृष्टी आणि त्यांच्यासोबत चालण्याची चिकाटी आम्हाला दे. आमेन.